एका पंगतीची शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील

प्रस्तावना

गावातील शाळा चौथीपर्यंतच असेल, तर पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलाने काय करावे? शहरात जावे, तर राहावे कोठे आणि जेवावे कोणाकडे? सुमारे शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांचे शिक्षण या साध्या प्रश्नांपाशी येऊन थांबत असे. शाळेची फी एखादे वेळी माफ होई. पण दोन वेळचे जेवण माफ होत नसे. त्यातच जातिभेदामुळे अनेकांना शहरात कोणी भाड्यानेही खोली देत नसे. ही अडचण दूर करणे हेच ज्यांनी आपले जीवनकार्य मानले, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचा परिचय या पाठात करून दिला आहे. दिवसभर काम करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तो विशेष जवळचा वाटेल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• भाऊराव पाटील यांच्या जीवनातील प्रमुख घटना सांगता येतील;
• वसतिगृह हे शिक्षणाचे साधन कसे ठरले, ते स्पष्ट करता येईल;
• ‘कमवा आणि शिका’ या योजनेमागील विचार समजावून सांगता येईल;
• श्रम आणि शिक्षण यांच्या नात्याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

बालपण

भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. त्यांचे घराणे मूळचे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथील. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते. आई गंगाबाई. घराणे जैनधर्मीय आणि शेतीवाडी असलेले होते. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण वेगवेगळ्या गावांत गेले.

लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींची आवड होती. एक कुस्ती आणि दुसरी सर्व जातींच्या मुलांची संगत. त्या काळी ही दुसरी आवड सहज खपून जाण्यासारखी नव्हती. सार्वजनिक विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी भरू देत नसत. ते पाहून संतापलेल्या भाऊरावांनी एका विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्यांच्या बालपणाची आठवण सांगितली जाते. या घटनेतून त्यांचा स्वभाव दिसतो. अन्याय दिसला की गप्प बसणे त्यांना जमत नसे. मात्र रहाट मोडल्याने विहीर सर्वांना खुली होत नाही. त्यासाठी वेगळे काहीतरी उभे करावे लागते, हे त्यांना पुढील अनुभवांनी शिकवले.

कोल्हापूरची वसतिगृहे

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले आणि राजाराम हायस्कूलमध्ये शिकू लागले. कोल्हापूर संस्थानाचे अधिपती राजर्षी शाहू महाराज यांनी त्या वेळी एक मोठे काम हाती घेतले होते. खेड्यातील मुलांना शहरात राहण्याची सोय नाही, म्हणून ती शिकत नाहीत, हे ओळखून त्यांनी वसतिगृहांना उत्तेजन दिले. १९०१ मध्ये मराठा समाजासाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यापाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले.

ही वसतिगृहे जातवार होती, यामागे त्या काळाची परिस्थिती होती. वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एकत्र जेवायला बसवले असते, तर पालकांनी मुले पाठवलीच नसती. शिवाय स्वतःच्या समाजाच्या मुलांसाठी लोक देणग्या देत असत. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनामुळे कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर बनले आणि पूर्वी ज्यांना शिक्षणाचे दार बंद होते, अशी शेकडो मुले शिकू लागली.

भाऊराव जैन वसतिगृहात राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते आवर्जून गेले. परत आल्यावर, अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला गेल्याबद्दल स्नान करून शुद्ध झाल्याशिवाय आत येऊ नये, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला.

वसतिगृहाने मुलाला घर मिळते; पण त्या घराच्या भिंती जातीच्या असतील, तर तोच मुलगा एका क्षणात बाहेरही फेकला जाऊ शकतो, हे भाऊरावांनी या प्रसंगात स्वतः अनुभवले. त्यांच्या पुढील कार्याचे बीज येथे पडले, असे म्हणता येईल.

अभ्यासात मात्र त्यांनी चमक दाखवली नाही. ते मॅट्रिक झाले नाहीत. पुढे ज्यांनी शेकडो शाळा काढल्या, त्यांच्या स्वतःच्या हाती शाळेचे शेवटचे प्रमाणपत्र नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

उपजीविका आणि संकट

काही काळ भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. सहकाऱ्यांच्या मदतीने दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्याच्या कामातही त्यांनी भाग घेतला.

१९१४ मध्ये त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. कोल्हापुरातील एका पुतळ्याला डांबर फासण्यात आले होते. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. तुरुंगात त्यांचा छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही. पुढे त्यांची सुटका झाली.

त्यानंतर ते ओगले यांची काचेची उत्पादने आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर यांचे विक्रेते झाले. पुढे साताऱ्याजवळील कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. नांगर विकणाऱ्याला बांधाबांधावर जावे लागते. या भटकंतीत भाऊरावांनी शेतकऱ्यांची घरे आतून पाहिली. हुशार मुले गुरांमागे फिरताना आणि हिशेब न कळणारी कुटुंबे सावकाराच्या वहीत अडकताना त्यांना दिसली. नांगर सुधारला, तरी तो धरणारा निरक्षर राहिला, तर त्याची स्थिती सुधारणार नाही, हे त्यांच्या मनाने घेतले.

काले येथील आरंभ

भाऊरावांच्या विचारांवर महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचा मोठा प्रभाव होता. कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या सहकार्याने, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे कष्टकरी सामान्य प्रजा. संस्था कोणासाठी आहे, हे तिच्या नावातच सांगितलेले होते.

मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी निर्माण करणे, गरीब मुलांना विनामूल्य शिक्षण देणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांमध्ये प्रेमभाव वाढवणे आणि त्यांना काटकसरी, स्वावलंबी व शीलवान बनवणे ही संस्थेची उद्दिष्टे ठरली. यांतील प्रेमभावाचे उद्दिष्ट वर्गात पाठ देऊन साधणारे नव्हते. त्यासाठी मुलांनी एकत्र राहणे आवश्यक होते. म्हणून संस्थेच्या कामात वसतिगृहाला प्रारंभापासून मध्यवर्ती स्थान मिळाले.

साताऱ्याचे वसतिगृह

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्याला आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. पुढे ते धनिणीची बाग या जागेत नांदू लागले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली. त्यांच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ज्या राजाने वसतिगृहांची चळवळ उभी केली, त्याचे नाव भाऊरावांनी कृतज्ञतेने दिले. पण शाहू महाराजांच्या काळात जे शक्य झाले नव्हते, ते पुढचे पाऊल टाकून. येथे जातवार खोल्या नव्हत्या, जातवार चुली नव्हत्या. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशा कोणत्याही घरातून आलेला मुलगा एकाच पंगतीत बसत असे.

वसतिगृहात नोकरचाकर ठेवण्याइतका पैसा नव्हता आणि ठेवण्याची भाऊरावांची इच्छाही नव्हती. पाणी भरणे, स्वयंपाक, साफसफाई, भांडी ही कामे मुलेच आळीपाळीने करीत. वरवर पाहता ही काटकसर होती. परंतु तिचा सामाजिक अर्थ फार मोठा होता. कोणत्या जातीने कोणाच्या हातचे पाणी प्यावे, याचे कडक नियम असलेल्या समाजात आज ज्याने पाणी भरले, त्याच्या हातचे पाणी सर्वांनी प्यायचे आणि उद्या आपली पाळी आली की सर्वांना पाजायचे, असा येथील क्रम होता. अस्पृश्यतेवर व्याख्यान न देता ती रोजच्या व्यवहारातून नाहीशी करण्याची ही रीत होती.

ही रीत सर्वांना पसंत पडणे शक्य नव्हते. सनातनी मंडळींनी टीका केली. आपला मुलगा बाटेल, ही भीती काही पालकांना वाटे. पण खेड्यातील मुलगा सुटीत घरी जाई, तेव्हा तो नीट लिहूवाचू लागलेला असे, कष्टाला मागे हटत नसे आणि वसतिगृहातील मित्रांच्या गोष्टी सांगे. ते पाहून हळूहळू विरोध मावळत गेला.

खर्चासाठी भाऊरावांनी गावोगाव झोळी फिरवली. रोख पैसा नसलेल्या शेतकऱ्याकडे धान्य असते, हे त्यांना ठाऊक होते. घरातील स्त्रीने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावे आणि साठलेले धान्य वसतिगृहाला द्यावे, अशी मुष्टिफंडाची योजना त्यांनी राबवली. मूठभर धान्य देणाऱ्या घराला वसतिगृह हे परके वाटत नाही. अशा रीतीने रयतेची संस्था रयतेच्याच पिठावर चालू लागली.

रयतमाउली लक्ष्मीबाई

भाऊरावांच्या कार्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा असामान्य होता. त्या सोवळेओवळे कसोशीने पाळणाऱ्या घरातून आल्या होत्या. लग्नानंतर त्यांच्या स्वयंपाकघरात सर्व जातींची मुले जेवू लागली. मनावर लहानपणापासून झालेले संस्कार बदलणे सोपे नसते. लक्ष्मीबाईंनी ते बदलले. आजारी मुलाच्या उशाशी त्या आईच्या मायेने बसत.

वसतिगृहातील धान्य संपले आणि उसनवारीचे मार्गही खुंटले, की त्यांचे दागिने सराफाकडे जात. एकामागून एक सर्व दागिने गेले. अखेर मुलांच्या जेवणासाठी त्यांनी सौभाग्यचिन्ह मानले जाणारे मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या संस्थेसाठी त्यांनी सर्वस्व वेचले, तिचा पुढील विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. विद्यार्थी आणि कार्यकर्ते आजही त्यांना रयतमाउली म्हणून ओळखतात. मोठ्या माणसांच्या चरित्रांत घरातील स्त्रीचा त्याग अनेकदा एका ओळीत आटोपला जातो. येथे मात्र तो वगळला, तर वसतिगृह उभेच राहत नाही.

कमवा आणि शिका

देणग्यांवर काही मुले शिकतील. पण हजारो मुलांचे काय? शिवाय सतत दुसऱ्याच्या दानावर वाढलेल्या मुलाचा स्वाभिमान टिकेल का? या प्रश्नांतून भाऊरावांची ‘कमवा आणि शिका’ ही योजना आकाराला आली. विद्यार्थ्याने दिवसातील काही वेळ अंगमेहनत करावी आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात त्याचा राहण्याजेवण्याचा व शिक्षणाचा खर्च भागावा, असे तिचे स्वरूप होते.

संस्थेला मिळालेली जमीन बहुधा खडकाळ किंवा पडीक असे. मुले दगड वेचीत, माती आणून टाकीत, बांध घालीत. त्या जमिनीत पिकलेले धान्य आणि भाजीपाला त्यांच्याच ताटात येई. शाळेची आणि वसतिगृहाची बांधकामे निघाली, की मुले दगड फोडीत, विटा वाहत आणि गवंड्याच्या हाताखाली काम शिकत. ज्या इमारतीत ती शिकत, तिच्या भिंतींना त्यांचाच घाम लागलेला असे.

या श्रमाचे तीन लाभ होते. पहिला म्हणजे खर्च भागत असे. दुसरा म्हणजे शेती, बांधकाम, हिशेब, सामुदायिक व्यवस्था यांचे प्रत्यक्ष शिक्षण मिळे. पुस्तकात न सापडणाऱ्या या गोष्टी मुलांना आयुष्यभर उपयोगी पडत. तिसरा लाभ सर्वांत महत्त्वाचा होता. शिकलेल्या माणसाने हाताने काम करणे कमीपणाचे आहे, ही समजूत मुळापासून उखडली जाई. मात्र श्रम हा अभ्यासाला पर्याय नव्हता. मुलगा मजूर होऊ नये, यासाठीच त्याने काही काळ मजुरी करायची होती. कामाच्या घंटेइतकीच अभ्यासाची घंटाही येथे कडक होती.

विस्तार

१९३२ मध्ये पुणे करार झाला. त्याच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. खेड्यांत शाळा काढायच्या, तर प्रथम शिक्षक हवेत. म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढण्यात आले. त्याच वर्षी संस्थेची रीतसर नोंदणी झाली. तेथून बाहेर पडलेले तरुण शिक्षक, जेथे रस्ताही पोहोचला नव्हता अशा डोंगराळ वाड्यावस्त्यांवर गेले आणि तेथे व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. स्त्रियाही शिक्षिका व्हाव्यात, यासाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. विनामूल्य शिक्षण आणि निवासाची सोय ही त्याची वैशिष्ट्ये होती. १९४७ मध्ये त्याच धर्तीवर छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. त्यानंतर १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि १९५५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी आझाद कॉलेज सुरू झाले. खेड्यातील ज्या मुलाला चौथीनंतर वाट नव्हती, त्याच्यासाठी आता पदवीपर्यंतची वाट तयार झाली होती.

ही वाटचाल निर्विघ्न नव्हती. १९४८ मध्ये मुंबई सरकारशी झालेल्या मतभेदांमुळे संस्थेचे अनुदान काही काळ बंद झाले. त्या कठीण दिवसांत गाडगे महाराजांनी भाऊरावांची बाजू उचलून धरली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. एका धनिकाने मोठ्या देणगीच्या बदल्यात वसतिगृहाला आपले नाव देण्याची अट घातली, असा एक प्रसंग सांगितला जातो. स्वतःच्या वडिलांचे नाव एक वेळ बदलेन, पण शाहू महाराजांचे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन भाऊरावांनी ती देणगी नाकारली. संस्था कायम पैशांच्या ओढीत असताना त्यांनी हा निर्णय घेतला, म्हणून त्याचे मोल अधिक आहे.

या वसतिगृहांतून घडलेल्या विद्यार्थ्यांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील हे एक नाव. बॅरिस्टर झाल्यावर त्यांनी रयत शिक्षण संस्थेच्या कार्याला वाहून घेतले आणि पुढे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. असे अनेक विद्यार्थी शिक्षक होऊन पुन्हा खेड्यांत गेले. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून स्वतःच खोड बनतात. वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह आहे, ते याच अर्थाने.

अखेरचे दिवस

खादीचा जाडाभरडा वेष, रुळणारी पांढरी दाढी, हातात काठी आणि मुलांशी बोलताना करडा पण मायाळू स्वर, असे भाऊरावांचे रूप महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले होते. विद्यार्थी त्यांना अण्णा म्हणत. जनतेने त्यांना कर्मवीर ही पदवी दिली. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी देऊन त्यांचा गौरव केला. मॅट्रिक न झालेल्या या शिक्षणमहर्षीला विद्यापीठाने केलेले ते वंदनच होते. त्याच वर्षी, ९ मे रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, १०८ माध्यमिक शाळा, ६ प्रशिक्षण विद्यालये आणि ३ महाविद्यालये उभी होती. पुढे संस्थेचा विस्तार महाराष्ट्राबरोबरच कर्नाटकाच्या काही भागांतही झाला. २०१९ मध्ये तिला शंभर वर्षे पूर्ण झाली. साताऱ्यात आता कर्मवीरांच्या नावाचे विद्यापीठ आहे. पुणे विद्यापीठाची विद्यार्थ्यांसाठीची ‘कमवा व शिका’ योजनाही त्यांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात काही तास काम करून त्या मानधनावर शिकणारे तरुण तेथे आजही दिसतात.

आज खेड्यात शाळा आहे, बस आहे, शिष्यवृत्त्या आहेत. तरीही घरची गरज भागवण्यासाठी शिक्षण अर्धवट सोडणारे कमी नाहीत. अशा प्रत्येकाला भाऊरावांचे जीवन एक गोष्ट सांगते : काम करावे लागते, म्हणून शिकता येत नाही, असे नाही, मात्र त्यासाठी शिकणाऱ्याच्या कष्टाबरोबर समाजाचीही साथ लागते. मुलाने दगड उचलला आणि गावाने मूठभर धान्य दिले, तेव्हा कोठे एक पंगत बसली आणि तिची शाळा झाली.

पाठान्त प्रश्न

१. भाऊरावांना कोल्हापूरचे वसतिगृह का सोडावे लागले? या प्रसंगाचा त्यांच्या पुढील कार्याशी काय संबंध आहे?
२. शाहू महाराजांच्या काळातील वसतिगृहे आणि साताऱ्याचे शाहू बोर्डिंग यांतील फरक स्पष्ट करा.
३. मुष्टिफंडामुळे वसतिगृहाला धान्याशिवाय आणखी काय मिळाले?
४. लक्ष्मीबाईंच्या त्यागाविषयी आठ-दहा वाक्ये लिहा.
५. ‘मुलगा मजूर होऊ नये, यासाठीच त्याने काही काळ मजुरी करायची होती.’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
६. तुम्ही करीत असलेल्या कामातून तुम्हांला पुस्तकाबाहेरचे कोणते शिक्षण मिळाले, ते एका परिच्छेदात लिहा.